वरची ओंजळ

मंदाबाई कापगते यांचा सानगडीत दबदबा होता तो दोन गोष्टींमुळे. एक, त्यांच्याकडून पायलीभर तांदूळ आणला तर घरी येऊन मोजल्यावर तो सव्वा पायली भरायचा. दुसरी, त्यांची सून.

पायली भरून झाली की वरून एक ओंजळ टाकायची, ही आमच्याकडची जुनी रीत. देणाऱ्याचा हात आखडला असं कोणी म्हणू नये म्हणून. बाकीचे लोक ती ओंजळ टाकताना बोटं जरा फाकवतात. मंदाबाई फाकवत नसत. त्यांनी उभ्या आयुष्यात कोणालाही काही नेमकं दिलेलं नव्हतं; जे दिलं ते वरचढच दिलं, त्यात शिव्याही आल्या.

सून कामिनी लग्न होऊन आली तेव्हा काडी होती. शेजारच्या विमलाबाई, ज्यांचं दार आणि तोंड दोन्ही कापगत्यांच्या अंगणाकडे उघडतं, त्या तेव्हाच म्हणाल्या होत्या, “मांडवाची मेढ कोनती अन् नवरी कोनती, मले समजूनच नाही राहिलं बापा.” मंदाबाईंनी ते मनात ठेवलं. पुढची तीन वर्षं त्यांनी सुनेच्या ताटात वाढून वाढून हात दुखवून घेतला. काडी हलली नाही.

आणि चौथ्या वर्षी ती अचानक भरली. गाल वर आले, चेहरा पुनवेच्या चंद्रासारखा गोल झाला, मानेमागे मांसाची एक छोटी उशी आली. बाजारात बाया थांबून पाहू लागल्या. “मंदाबाई, सुनेले तुपात ठेवता का वो?” मंदाबाई म्हणत, “घरचंच खाते, दुसरं काय.” हे सांगताना त्या आवाज इतका खाली आणत की समोरच्या कांदेवाल्यालाही ऐकू जावं.

त्याच वर्षी कामिनीचं पहिलं बाळ पोटातच चौथ्या महिन्यात गेलं. दिष्ट लागली, असं विमलाबाईंनी निदान केलं. पुढच्या उन्हाळ्यात तिला पुन्हा दिवस गेले. आता मात्र घरातले सगळे श्वास मोजून घेत होते. कामिनी सगळ्यांत जास्त. तिनं महिने कॅलेंडरवर लिहिले नव्हते, कोणाला सांगितलेही नव्हते. चौथा महिना ओलांडायचा, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

ऑगस्ट उजाडला. रोवणा, म्हणजे धानाची लावणी, चालू होता. कामिनीला बांधीतल्या चिखलात उतरू द्यायचं नाही असं ठरलेलं, तरी ती बायांसाठी चहा घेऊन गेली. बांधीच्या कडेला धुऱ्यावर उकिडवी बसली, कप भरले आणि उठायला गेली तर उठता येईना. पुन्हा जोर केला. मांड्यांनी ऐकलंच नाही.

“गाऱ्यात म्हैस रुतली वो,” विमलाबाई म्हणाल्या, आणि बायांचा हशा पिकला. दोघींनी दंडाला धरून तिला ओढून उभं केलं. कामिनीही हसली. हसण्यावारी गेलं.

संध्याकाळी गावच्या आशा सेविका सुमनबाई लोहाच्या गोळ्या द्यायला आल्या. घ्यायला कामिनीनं हात पुढे केला, बाही वर सरकली आणि सुमनबाई गोळ्या विसरल्या. दोन्ही दंडांवर पाच-पाच बोटं उमटली होती, निळी-काळी, शाईचा ठसा घ्यावा तशी.

“कोनं मारलं?”

“कोनी नाही जी. उठवलं फक्त.”

सुमनबाईंनी भुपेंद्रकडे पाहिलं. भुपेंद्र म्हणजे कामिनीचा नवरा. राइस मिलवर कामाला, आणि स्वभावानं असा की मिलच्या पट्ट्यालाही दुखेल म्हणून हळू हात लावणारा. तो पांढरा पडला. “मी मिलवर होतो,” एवढंच म्हणाला, जसं काही पंचनामा चालू आहे.

“उद्या दवाखान्यात,” सुमनबाई म्हणाल्या. “अन् सासूबाईले बी घ्या संग. घरी राहिल्या तर मलेच शिव्या देतील.”

तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टर प्रतिक्षा मेश्राम होत्या. शहापूरच्या. आजीनं जन्मभर दुसऱ्याच्या बांध्यांत रोवणं केलेलं, आणि नात एम.डी. होऊन आली, तेव्हा आजीनं विचारलेला पहिला प्रश्न होता, “कंबरदुखीचं शिकवलं का तिथं?” या बाई हळू बोलत, आणि बोलणं संपेपर्यंत पेशंटच्या हातावरचा हात काढत नसत.

त्यांनी बीपी घेतलं. एकशे साठ, खाली शंभर. पुन्हा घेतलं. तेवढंच. साखरही वाढलेली.

“बीपी गरोदरपणात वाढतं, पण असं वाढायचं तर सहसा पाचव्या महिन्यानंतर. ही अजून चौथ्यात आहे. कामिनी, या बुटक्या स्टुलावर बस. आता हात छातीशी बांध आणि उठ.”

कामिनीनं हात बांधले. उठण्याचा चेहरा केला. चेहराच तेवढा उठला.

मग त्यांनी पोट पाहिलं. गरोदर बाईच्या पोटावर वळ येतातच, पण हे वळ जांभळं पिळून ओढल्यासारखे होते, बोटभर रुंद. चेहरा गोल, पोट गोल, आणि हातपाय मात्र बारीक, जणू दुसऱ्या कोणाचे आणून लावलेले.

“हा गोलपणा कधीपासून? दिवस राहिल्यावर?”

“त्याच्या आधीपासून,” मंदाबाई अभिमानानं म्हणाल्या. “दीड वर्ष झालं. माह्या हातचं लागते तिले.”

“मावशी, कोणती पुडी, काढा, सांधेदुखीची गोळी? गोरं व्हायची क्रीम? दम्याचं इंजेक्शन? कशाकशात स्टिरॉइड टाकलेलं असतं, त्यानंही असंच होतं. बहुतेकांना त्यानंच होतं.”

“माह्या घरी?” मंदाबाई खुर्चीत उंच झाल्या. “माह्या घरी मिरची बी घरची असते.”

कामिनीनंही मान हलवली. काहीच घेतलेलं नव्हतं. डॉक्टरांनी तिला वेगळं बसवूनही विचारलं. सासूसमोर सगळ्या गोष्टी निघत नाहीत. तरी नाहीच.

“मग शरीरच बनवतंय,” प्रतिक्षा मॅडम म्हणाल्या. “मूत्रपिंडाच्या डोक्यावर टोपीसारखी एक ग्रंथी असते. दोन मूत्रपिंडं, दोन टोप्या. त्यातून कॉर्टिसॉल नावाचा रस सुटतो. तो लागतो, सकाळी आपण उठतो ते त्याच्या जोरावर. पण जास्त झाला तर बीपी, साखर, असे वळ, जरा धरलं की डाग. मांड्यांचं मांस खाऊन टाकतो.”

वासुदेवराव, म्हणजे सासरे, इतका वेळ दाराशी उभे होते. ते महिन्यातून एखादं वाक्य बोलत, पण गावतलावाच्या पाणीवाटपात त्यांचा शब्द शेवटचा. ते म्हणाले, “तुडूम उघडी राहिली.”

तुडूम म्हणजे तलावातून पाणी सोडायचं दार. ते उघडं राहिलं की धान सडतं. हे आमच्याकडे पोराला बाराखडीआधी कळतं.

“अगदी तेच, काका. अडचण एकच आहे. गरोदरपणात या तलावाची पातळी तशीही वाढते. प्रत्येकीचीच, दुप्पट-तिप्पट. म्हणून नुसतं पाणी वाढलेलं पाहून तुडूम मोडली म्हणता येत नाही. गोळी देऊन करायची एक तपासणी असते, ती या दिवसांत फसवते. मला चोवीस तासांची लघवी मोजावी लागेल. आकडा तिपटीच्या वर गेला, तर बोलता येईल.”

“अन् मंग?” कामिनीनं विचारलं.

“मग ग्रंथीवर गाठ आहे का ते शोधायचं. गाठ सापडली तर काढायची. चौथा-पाचवा महिना त्याला बरा असतो. पुढे पोट वाढलं की हात पोचायला कठीण, आणि तोवर हे बीपी बाळाला सुखानं राहू देणार नाही. मागचं बाळही कदाचित यानंच गेलं असेल. खात्रीनं नाही सांगत. पण या खेपेला आपण वाट पाहत बसायचं नाही.”

कामिनीनं ते ऐकलं आणि खिडकीबाहेर पाहिलं. मागचं बाळ आपल्या चुकीनं गेलं, असं तिला सव्वा वर्ष वाटत होतं. मग ती स्टुलावरून उठली, दोन्ही हात टेकून.

पाच लिटरचा पांढरा कॅन सुमनबाई स्वतः घेऊन आल्या. समजावून सांगितलं: सकाळची पहिली लघवी टाकायची, नंतरची दिवसभराची, रात्रीची सगळी यात, दुसऱ्या सकाळची पहिलीही यातच. थंड जागी ठेवायचा. थेंब कमी पडला तर तपासणी वाया.

फ्रीजमधून दही, दूध, कोथिंबीर बाहेर आली, कॅन आत गेला. वासुदेवरावांनी त्या दिवशी दही नको म्हटलं. दुसऱ्या दिवशीही.

सुमनबाईंनी सगळं सांगितलं, पण एक सांगायचं राहिलं, कारण जगात कोणाला ते सांगावं लागत नाही. संध्याकाळी मंदाबाईंनी फ्रीज उघडला आणि पाहिलं: पाच लिटरचा कॅन, आणि तळाशी सव्वा लिटर. सरकारी दवाखान्यातून आलेलं माप, कापगत्यांच्या घरून परत जाणार, आणि तेही पाव रिकामं नाही, पाऊण रिकामं. तालुक्यात काय म्हणतील.

बाकीचं त्यांच्या हातून आपोआप झालं. रीत माणसाला विचार करायला लावत नाही, हाच तिचा फायदा.

आठ दिवसांनी नागपूरच्या प्रयोगशाळेतून कागद आला, आणि प्रतिक्षा मॅडमनी सगळ्यांना बोलावलं. त्यांनी कागद टेबलावर ठेवला, चष्मा पुसला.

“कॉर्टिसॉल वाढलेलं आहे. पण मला या आकड्यावर विश्वास ठेवता येत नाही.” मग मंदाबाईंकडे वळून, “मावशी, लघवीत आणखी एक गोष्ट मोजतात, क्रिएटिनिन. ती मांसातून निघते. माणसागणिक रोज जवळपास तेवढीच. तुमच्या सुनेच्या बारीक हातापायांतून दिवसाला एक ग्रॅमही निघायचं नाही. या कॅनमध्ये निघालंय दोन ग्रॅमच्या वर.”

त्यांनी कागदावरच्या आकड्याखाली बोट ठेवलं.

“म्हणजे या कॅनमध्ये कामिनी एकटी नाही. सुमारे अडीच माणसं आहेत.”

भुपेंद्रनं कॅन आठवून पाहिला. सुमनबाईंनी कपाळाला हात लावला. मंदाबाई सरळ बसल्या.

“एक मी होती,” त्या म्हणाल्या. “खोटं कायले बोलू. माप भरत नव्हतं.”

“आणि राहिलेलं?”

वासुदेवराव भिंतीवरचा लसीकरणाचा तक्ता वाचत होते. तक्ता लहान होता. ते पुन्हा वरून वाचू लागले. मंदाबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या.

“मी सकाळी निघतानी फक्त,” ते शेवटी म्हणाले. “हिनंच सांगतलं, तुमचा बी हातभार लागू द्या म्हनून.”

प्रतिक्षा मॅडम एम.डी. होत्या, पण माणूसही होत्या. त्यांनी तोंड फिरवून खोकल्याचं निमित्त केलं. बराच वेळ खोकल्या. परत वळल्या तेव्हा चेहरा जागेवर आलेला होता.

“मावशी, माझी आजीसुद्धा वरची ओंजळ टाकल्याशिवाय पायली उचलू द्यायची नाही. पण हे माप वेगळं आहे. याच्यात जास्तीचा थेंब म्हणजे चोरीच. आपला एक आठवडा गेला. कामिनीला पंधरावा संपत आला. माझ्याकडे असे आठवडे फार नाहीत.”

मंदाबाईंचं तोंड पहिल्यांदा उतरलं. आयुष्यात त्यांच्यावर कमी दिल्याचा आरोप कोणी केला नव्हता. जास्त दिल्याचा कोणी करेल हे तर त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं. परत येताना जीपमध्ये त्या सुनेशेजारी बसल्या. सानगडीचा फाटा आला. मग म्हणाल्या, “कामिनी, तुले माहीत होतं का वो?”

“कॅन जड लागला होता, आई.”

“मंग बोलली काहून नाही?”

“तुमी वाढलेल्याले मी कधी नाही म्हनलं का?”

मंदाबाईंनी यावर फाट्यापासून घरापर्यंत विचार केला.

या वेळी दोन दिवस, दोन कॅन. मंदाबाईंनी मोरीच्या दाराशी पाट टाकला आणि त्यावर बसल्या. घरच्या बाकी माणसांना दोन दिवस मागच्या परसाची वाट. विमलाबाई डोकावल्या, “काय राखून राहिल्या वो, खजिना हाये का?” मंदाबाई म्हणाल्या, “हाये.” आणि पाट सरकवून दार आणखी अडवलं. रात्री अकराला कामिनीनं कापसाचा बोळा तोंडात धरून लाळेचा नमुना दिला; रात्री हा रस उतरायला हवा, उतरतो की नाही ते पाहायला. मंदाबाईंनी घड्याळ आधी रेडिओशी जुळवून घेतलं होतं. अकरा म्हणजे अकरा. वरचं एक मिनिट नाही.

कॅन परत देताना त्या सुमनबाईंना म्हणाल्या, “निम्मा बी नाही भरला. लाज वाटते. पन एकटीचा हाये.”

आकडे आले. पहिल्या दिवशी वरच्या मर्यादेच्या सहापट. दुसऱ्या दिवशी साडेपाचपट. रात्रीचं कॉर्टिसॉल सकाळी असायला हवं तेवढं. ते झोपायला गेलंच नव्हतं. क्रिएटिनिन पंच्याऐंशी शतांश ग्रॅम.

“एक माणूस,” प्रतिक्षा मॅडम म्हणाल्या, आणि मंदाबाईंना इतकं बरं वाटलं की त्यांनी पदर सावरला.

मेंदूतून या ग्रंथीला हुकूम देणारा जो दुसरा रस असतो तो रक्तात जवळजवळ नव्हताच. म्हणजे ग्रंथी कोणाच्या सांगण्यावरून नाही, स्वतःच्या मनानं वाहत होती. नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात, रंगाचं इंजेक्शन न देता, एम.आर.आय. झाला. डाव्या टोपीवर गाठ. तीन सेंटिमीटर, सुपारीएवढी. वासुदेवराव म्हणाले, “एवढ्याशा खडकानं तुडूम अडून उघडी राहते.” नव्या महिन्याचं त्यांचं हे पहिलं वाक्य.

नागपूरला हॉर्मोनचे डॉक्टर, सर्जन, भूल देणाऱ्या बाई, बाळंतपणाच्या बाई, असे चौघं एका टेबलाशी बसले. प्रतिक्षा मॅडम पाचव्या. रजा टाकून आल्या होत्या. भुपेंद्रनं हात जोडून विचारलं, “साहेब, डिलिव्हरी झाल्यावर काढली तर? तवपर्यंत गोळ्या?”

हॉर्मोनचे डॉक्टर म्हणाले, “बीपी-साखरेच्या गोळ्या, इन्सुलिन चालूच राहील. पण उगम तसाच सोडला तर बाळ वेळेआधी येण्याची, वाढ खुंटण्याची, हिला स्वतःला धोका होण्याची भीती जास्त. आत्ता काढण्यातही धोका आहे. तो कमी आहे. शून्य नाही.”

सगळे मंदाबाईंकडे पाहू लागले, कारण कापगत्यांच्या घरात शेवटी सगळे तिकडेच पाहतात. मंदाबाईंनी तोंड उघडलं, आणि बंद केलं. मग सुनेकडे बोट केलं.

“तिले विचारा. कॅन तिचा हाये.”

कामिनीनं पोटावर हात ठेवला. “मले एकच सांगा. ठेवलं तर याले जास्त भेव, का काढलं तर?”

“ठेवलं तर,” प्रतिक्षा मॅडम म्हणाल्या.

“मंग काढा ना जी. बसून कायले राहिलो आपन.”

विसाव्या आठवड्यात चार लहान छिद्रांतून गाठ निघाली. दोन तास लागले. संध्याकाळी बाळाचे ठोके यंत्रावर ऐकवले: धक्-धक्-धक्, मिलच्या पट्ट्यासारखे. भुपेंद्र म्हणाला, “स्पीड बराबर हाये.” आणि वऱ्हांड्यात जाऊन रडला.

पण गोष्ट तिथं संपत नसते. उजवी टोपी दीड वर्ष डावीच्या जिवावर बसून खात होती. ती आता झोपलेली. तिला हळूहळू जागं करावं लागतं, तोवर कॉर्टिसॉल गोळीतून द्यायचं. सकाळी दोन, दुपारी एक. कमी पडलं तर जिवावर बेततं, जास्त झालं तर पुन्हा पहिले पाढे. ताप-उलटी झाली तर घरी बसायचं नाही, लगेच यायचं. आपल्या मनानं एक दिवसही थांबवायचं नाही.

“हे कोण सांभाळणार?” हॉर्मोनच्या डॉक्टरांनी विचारलं.

प्रतिक्षा मॅडमनी मंदाबाईंकडे पाहिलं. “या. यांच्याइतकं माप कोणाला कळत नाही.”

आणि मंदाबाईंनी ते सांभाळलं. सकाळी सात, दुपारी दोन. गोळी तळहातावर ठेवून, बोटं घट्ट मिटून. घरात भात अजूनही पातेल्याबाहेर पडेपर्यंत वाढला जायचा, पण गोळ्यांच्या डब्याला त्या अंघोळ केल्याशिवाय हात लावत नसत.

बीपी उतरलं. इन्सुलिन सुटलं. जानेवारीच्या शेवटी, अडतिसाव्या आठवड्यात, नागपूरला मुलगी झाली. दोन किलो सातशे. बाळंतपणाच्या कळांत गोळीच्या जागी शिरेतून औषध चाललं होतं. ते चालू आहे ना, हे मंदाबाईंनी नर्सला तीन वेळा विचारलं आणि चौथ्यांदा विचारलं तेव्हा नर्सनं त्यांना चहाला पाठवलं.

आता अवघड भाग आला.

कामिनी उतरू लागली. आधी मानेमागची उशी गेली. मग गाल. जांभळे वळ फिके पडले. होळीपर्यंत मूळ कामिनी परत आली: लांब चेहरा, टोकदार हनुवटी, काडी. दवाखान्यात सगळ्यांना आनंद झाला. बाजारात नाही.

“बापा, लेकरू होऊन सून वाळून गेली.”

“मुलगी झाली ना, म्हनून चारत नसतील.”

हे मंदाबाईंच्या कानावर पडलं. तेही समोरच्या कांदेवाल्याकडून. पंचवीस वर्षं ओंजळी टाकून कमावलेलं नाव एका होळीत खाली आलं. भुपेंद्र भडकला, “मी सांगतो लोकाईले, गाठ होती म्हनून.” मंदाबाई म्हणाल्या, “राहू दे. सांगून मोठं होत नाही कोनी.” हे त्यांनी म्हणावं, याचं वासुदेवरावांना इतकं नवल वाटलं की ते त्या महिन्याचं वाक्य खर्च न करता उठून गेले.

पुढचा रोवणा आला. गोळी आता सकाळी एकच, अर्धी. उजवी टोपी डोळे चोळत उठली होती. कामिनी सहा महिन्यांच्या मुलीला घेऊन धुऱ्यावर आली. बाया सिदोरी सोडून बसल्या होत्या. तीही उकिडवी बसली, मुलगी मांडीवर.

विमलाबाईंनी तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. “मंदाबाई, मागच्या साली पोरगी कशी पुनवेवानी होती. आता पाहा, अमावस. काय चारता का नाही वो?”

बाया थांबल्या. मंदाबाईंनी भाकरीचा तुकडा खाली ठेवला.

“कामिनी,” त्या म्हणाल्या, “उठ.”

कामिनीनं मुलीला दोन्ही हातांनी छातीशी धरलं आणि उठली. कुठंही हात न टेकता, एका झटक्यात, जणू गाऱ्यातून रोप उपटलं. मुलगी हसली.

“बस.”

बसली.

“उठ.”

पुन्हा उठली. या खेपेला तिलाच मजा आली. तिसऱ्यांदा ती न सांगता बसली आणि उठली. मुलीनं हात हलवून चौथी उठबस मागितली.

मंदाबाई विमलाबाईंकडे वळल्या. “आता तुमी उठून दाखवा.”

विमलाबाईंनी एक हात गुडघ्यावर ठेवला, दुसरा शेजारणीच्या खांद्यावर, जरा वर झाल्या आणि पुन्हा बसल्या. “मले भूक लागली,” त्या म्हणाल्या.

“मंग खा ना,” मंदाबाई म्हणाल्या, आणि आपल्या सिदोरीतला भात त्यांच्या ताटात वाढला. पुरे म्हणेपर्यंत वाढला, आणि वरून आणखी एक ओंजळ. बोटं न फाकवता.